स्टेअरिंगच्या पोटातला जागल्या

मेढ्याहून महाबळेश्वरला निघालं की केळघरपर्यंत वेण्णा नदीची सोबत असते, मग घाट लागतो. या घाटात हॉर्नशिवाय पान हलत नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणापलीकडून एसटी येतेय की स्ट्रॉबेरीचा टेम्पो, हे कानांनीच ओळखायचं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मी आईला घेऊन याच घाटानं वर चालले होते, आणि माझ्या गाडीच्या हॉर्ननं अजब खोड काढली. स्टेअरिंग डावीकडे वळलेलं असलं की तो वाजायचा, उजवीकडे वळलं की मुका. थोड्याच वेळात समोरच्या काट्यांमध्ये एक दिवा लागला: बसलेला माणूस, आणि त्याच्या पुढ्यात एक गोल चेंडू.

"हा कसला गं दिवा?" आईनं विचारलं.

"एअरबॅगचा."

"मग हॉर्न का जातोय?"

आईचा प्रश्न इतका नेमका होता की पुढचे काही आठवडे मी त्याच्याच मागे होते. हॉर्न आणि एअरबॅग यांचा संबंध जिथं जुळतो ती वस्तू बशीएवढी आहे, प्लास्टिकची आहे, आणि स्टेअरिंगच्या बरोबर मागे दडलेली असते. ती हातात घेऊन पाहिली तेव्हा मी थक्क झाले. ते थक्क होणं तुमच्यापर्यंत पोचवावं, एवढ्याचसाठी हा लेख.

दिवा काय म्हणतो

पूर्वी गावात जागल्या असायचा. रात्री गस्त घालताना तो हाळी द्यायचा, आणि ती ऐकून गाव निर्धास्त झोपायचं. एअरबॅगचा दिवा हा गाडीतला जागल्या आहे. तुम्ही किल्ली फिरवता तेव्हा तो लागतो, बहुतेक गाड्यांत साधारण सहा सेकंद राहतो आणि विझतो. त्या सहा सेकंदांत गिअरच्या आसपास, गाडीच्या मध्यभागी बसवलेला एक छोटा संगणक आपल्या साऱ्या पहारेकऱ्यांची हजेरी घेतो. चालकाची पिशवी आहे? शेजारच्याची आहे? सीटबेल्ट ओढून धरणारं यंत्र आहे? पुढच्या बंपरमागचे धक्क्याचे सेन्सर आहेत? सगळ्यांनी 'हजर' म्हटलं की दिवा विझतो. गाडी चालू असेपर्यंत ही हजेरी पुन्हा पुन्हा होत राहते. एकानं जरी दांडी मारली, तरी दिवा लागतो आणि बहुधा लागलेलाच राहतो.

म्हणून या दिव्याचे दोन प्रकार सारखेच वाईट. तो विझत नसेल तर व्यवस्थेत कुठेतरी खोट आहे, आणि धडक झालीच तर पिशवी फुगेल याचा भरवसा नाही. आणि किल्ली फिरवल्यावर तो मुळीच लागत नसेल, तर जागल्यालाच कुणीतरी गप्प केलंय. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून पाहावं. फुटलेल्या एअरबॅगवर नुसतं झाकण बसवून दिव्याचा बल्ब काढून टाकणं, किंवा त्याची वायर दुसऱ्याच दिव्याला जोडून देणं, असले उद्योग जगभर होत आले आहेत. हा दिवा स्वतःच्या चालीनं लागला आणि स्वतःच्या चालीनं विझला, तरच तो खरा.

डोळ्याचं पातं लवण्याआधी

हजेरी इतकी कडक का, हे कळायला आधी पिशवीचं काम किती घाईचं आहे ते पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर कापते. ती धडकली की पुढचा भाग चेपतो, गाडी थांबते, पण आतला माणूस पुढेच निघालेला असतो. धडक ओळखून पिशवी पूर्ण फुगेपर्यंतचं सगळं काम सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे ५० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. डोळ्याचं पातं लवायला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

धडक ओळखते ती सिलिकॉनची एक फणी. मुंगीच्या डोक्याहून लहान दाते असलेली ही फणी चिपच्या आत लवचिक आधारावर टांगलेली असते. गाडी अचानक थांबली की ती किंचित सरकते, तिच्या आणि शेजारच्या दात्यांमधलं अंतर बदलतं आणि त्याचा विजेचा संकेत होतो. आपल्या रस्त्यांवरचा खड्डाही तिला हलवतो. पण खड्ड्याचा धक्का क्षणभराचा, आणि खऱ्या धडकेत वेग एकसारखा, निर्दयपणे कमी होत जातो. संगणक त्या आलेखाचा आकार वाचतो, दुसऱ्या सेन्सरची साक्ष काढतो, आणि मगच निर्णय घेतो.

निर्णय झाला की स्टेअरिंगमधल्या एका केसासारख्या तारेतून एक-सव्वा अँपिअर करंट दोनेक मिलिसेकंद सोडला जातो. मोबाईल चार्ज होताना वाहतो साधारण तेवढाच. तार तापते, तिच्याभोवतीचं ज्वालाग्राही द्रव्य पेटतं, आणि त्यानं मुख्य इंधन पेटतं. सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये हे इंधन सोडियम अझाइड होतं. त्याच्या साधारण १३० ग्रॅमपासून ७० लिटरच्या आसपास नायट्रोजन वायू निघतो. आपण श्वासात घेतो त्या हवेचे चार-पंचमांश याच वायूचे. सोडियम अझाइड विषारी असल्यामुळे आता ग्वानिडिन नायट्रेटसारखी संयुगं वापरतात. मूठभर गोळ्यांतून घागरी भरतील एवढा वायू पापणी लवण्याआधी तयार होतो. पिशवीला मागच्या बाजूला भोकंही ठेवलेली असतात. डोकं आदळताच वायू त्यांतून निघून जातो. माणूस फुगलेल्या चेंडूवर आपटत नाही, मऊ होत जाणाऱ्या उशीत रुततो.

आता अडचण लक्षात येते. हा सव्वा अँपिअर गाडीच्या स्थिर भागातून स्टेअरिंगमध्ये न्यायचा आहे, आणि स्टेअरिंग तर फिरतं! या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तीन पूर्ण फेरे. सरळ वायर टाकली तर पिळवटून तुटेल. मग?

दाव्याचा हिशेब

जुन्या गाड्यांत हॉर्नसाठी पितळेचं कडं असायचं आणि त्यावर एक पट्टी घासत राहायची. हॉर्न क्षणभर अडखळला तर बिघडत नाही. पण एअरबॅगच्या वाटेत धूळ, ओल किंवा क्षणाची ताटातूट चालत नाही. त्या केसासारख्या तारेचा विरोध साधारण २ ओहम असतो. संगणक अगदी क्षीण, तार तापणारच नाही असा करंट सोडून हा विरोध सतत मोजतो. विरोध फार वाढला तर वायर तुटली किंवा सांधा गंजला. शून्याकडे गेला तर दोन वायरी एकमेकींना भिडल्या. एवढ्या बारीक मापाला घासणारी पट्टी पुरी पडत नाही. इथं अखंड तांबंच हवं.

त्याचं उत्तर खुंट्याला बांधलेल्या गाईनं केव्हाच दिलंय. गाय चरत चरत एका दिशेनं फिरते तसं दावं खुंट्याभोवती गुंडाळत जातं. उलट फिरली की सुटतं. दावं कुठंच कापलेलं नाही, तरी गाय फिरते. फक्त दाव्याला पुरेशी लांबी हवी, आणि फेऱ्यांना मर्यादा हवी.

स्टेअरिंगमागच्या त्या बशीत हेच आहे. तांब्याच्या पातळ पट्ट्या प्लास्टिकच्या फितीत चिकटवून तयार केलेली एक लांब, चपटी रिबन सैलसर गुंडाळून ठेवलेली असते. बाहेरचं टोक स्टेअरिंगच्या खांबाला पक्कं, आतलं टोक चाकाबरोबर फिरणारं. एका बाजूला वळवलं की रिबन मध्याभोवती आवळते, दुसऱ्या बाजूला वळवलं की भिंतीकडे सैल पडते. जुन्या मनगटी घड्याळातल्या कमानीसारखी दिसते, म्हणून तिचं नाव क्लॉक स्प्रिंग. काही कंपन्या तिला स्पायरल केबल म्हणतात, काही कॉन्टॅक्ट कॉइल. एअरबॅग, हॉर्न, स्टेअरिंगवरची गाण्यांची बटणं, क्रूझ कंट्रोल, बहुतेक आधुनिक गाड्यांत हे सगळे याच एका रिबनीतून शेजारी शेजारी प्रवास करतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. हॉर्न आणि एअरबॅग एकाच दाव्याला बांधलेले आहेत.

मेढ्याच्या बाजारपेठेजवळ गाड्यांची वायरिंगची कामं करणाऱ्या तरुणानं ते घटकेत ओळखलं. "ताई, हॉर्न आन् दिवा एकदम गेलं म्हंजे आतली पट्टी तुटली," तो म्हणाला. डावीकडे वळल्यावर तुटकी टोकं एकमेकांना टेकत होती, उजवीकडे वळल्यावर दुरावत होती. त्यानं स्कॅनर लावला, तर त्यावरही चालकाच्या एअरबॅगचाच कोड आला. मग त्यानं विचारलं, "मधी कुठं स्टेअरिंग खोललं होतं का?" खोललं होतं. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजात चाक उतरवून पुन्हा बसवलं होतं.

इथेच या दाव्याची ग्यानबाची मेख आहे. रिबन बरोबर मध्यावर ठेवून चाक बसवावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी ढील राहते. चाक काढलेलं असताना ती बशी नकळत एखाद-दुसरा फेरा फिरली, तर एका बाजूची ढील आधीच संपलेली असते. मग एखाद्या पूर्ण वळणावर रिबन ताणते आणि तुटते. स्टेअरिंगची रॅक उतरवताना चाक मोकळं सोडलं आणि ते गरगर फिरलं, तरी हेच. म्हणून नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर कुलूप लावूनच येते. गाडी कामाला देताना एवढं विचारावं: "चाक सरळ बांधून ठेवणार ना?" एका प्रश्नानं हजारो रुपयांचा भाग वाचतो.

विहिरीवरचा सुरुंगवाला

सुटा भाग आल्यावर तो तरुण कामाला लागला, ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. त्यानं किल्ली काढली, बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवलं आणि म्हणाला, "आता चहा."

मला वाटलं, सुट्टी. पण तो चहा कामाचाच भाग होता. अपघातात बॅटरीची वायर आधीच तुटली तरी पिशवी फुटावी म्हणून संगणकाजवळ थोडी वीज कपॅसिटरमध्ये साठवलेली असते. ती ओसरायला काही मिनिटं द्यावी लागतात. किती, ते प्रत्येक कंपनी आपल्या पुस्तकात सांगते. तेवढा दम धरल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

मग त्यानं पिवळं कनेक्टर दाखवलं. एअरबॅगच्या वायरी आणि जोड बहुधा पिवळे असतात, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. त्या कनेक्टरच्या आत एक छोटी धातूची पट्टी होती. जोड सुटताच ती आपोआप दोन्ही टोकांना जोडून टाकते. का? दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असली की त्यांच्यामध्ये विजेचा दाब तयारच होऊ शकत नाही. कपड्यांच्या घर्षणानं आलेली ठिणगीसुद्धा मग पिशवी पेटवू शकत नाही.

ते पाहताच मला आमच्या शिवारातली विहीर आठवली. जावळीचा काळा पाषाण टिकावाला दाद देत नाही. विहीर सुरुंगानंच उतरते. मी लहान असताना चुलत्यांच्या विहिरीवर सुरुंगवाला यायचा. डेटोनेटरच्या दोन वायरींची उघडी टोकं तो आधी एकमेकींना पीळ घालून ठेवायचा, आणि सगळी माणसं लांब गेल्याशिवाय तो पीळ सोडायचा नाही. आम्हा पोरांना वाटायचं, ही त्याची सवय असेल. ती सवय नव्हती, ते शास्त्र होतं. विहिरीच्या तळाशी माणूस हातानं जे करायचा, तेच त्या पिवळ्या जोडातली नखाएवढी पट्टी विनाचूक करते. जीव घेऊ शकणारी शक्ती जीव वाचवायला वापरायची, तर तिला आधी बांधून ठेवायला शिकावं लागतं.

दिवा लागला, आता?

घाबरू नका, पण पुढे ढकलूही नका. गाडी चालते, म्हणून लोक महिनोन् महिने तशीच चालवतात. त्या काळात पिशवी बहुधा रजेवर असते.

आधी काय काय एकत्र गेलं ते पाहा. दिव्याबरोबर हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणं गेली, किंवा चाक वळवताना दिवा लागतो-विझतो, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर. सीट पुढे-मागे केल्यावर, गाडी आतून धुतल्यावर किंवा पावसाचं पाणी गालिच्यात मुरल्यावर दिवा लागला, तर सीटखालचे पिवळे जोड ढिले किंवा ओले झाले असतील. ते टॉर्चनं पाहा, ओढू नका. बॅटरी उतरल्यावर लागला, तर कमी व्होल्टेजची नोंद झाली असेल. आपल्याकडे पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, तीही शक्यता धरा. दिवा स्टेअरिंगच्या चित्राचा असेल आणि चाक जड झालं असेल, तर बिघाड पॉवर स्टेअरिंगचा, तो वेगळा.

मग कोड वाचून घ्या. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे, इंग्रजी 'पी' अक्षराचे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी' अक्षराचे. ते वाचणारं यंत्र आहे ना, हे विचारा. दुरुस्तीनंतर कोड पुसावा लागतो. काही गाड्यांत क्लॉक स्प्रिंगबरोबरच चाकाचा कोन मोजणारा सेन्सरही असतो. तो पुन्हा शून्यावर आणावा लागतो.

आणि काय करायचं नाही ते काळजावर कोरून ठेवा. एअरबॅगच्या वायरींना साधा मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. त्याच्या करंटनंही पिशवी फुटू शकते. जाणकार मेकॅनिक पिशवी बाजूला काढून तिच्या जागी तेवढ्याच विरोधाचा नकली तुकडा लावून वाट तपासतो. पण तपासणीचा तो तुकडा कायमचा तिथंच ठेवून दिवा विझवणं, हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे. जागल्याला पैसे चारून 'हजर' म्हणायला लावण्यासारखं.

जागल्याला न दिसणारं

हा दिवा प्रामाणिक आहे, पण सर्वज्ञ नाही. तो वायर तपासतो, तिच्या टोकाशी असलेलं रसायन तपासत नाही. जपानच्या टाकाटा कंपनीनं पिशवी फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं त्याच्या गोळ्या ठिसूळ होत गेल्या. धडकेत त्या हव्या त्याहून जोरात पेटल्या, धातूची डबी फुटली आणि तिचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत बोलवाव्या लागल्या, आणि जून २०१७मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा आपल्या गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या रिकॉलच्या यादीत आहे का, हे अधूनमधून पाहायचं काम आपलंच.

दुसरी कथा स्टेअरिंगच्या खांबावरच्या किल्लीची. २०१४मध्ये जनरल मोटर्सनं सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या किल्लीच्या स्विचची पकड इतकी सैल होती की जड जुडग्याच्या वजनानं किंवा धक्क्यानं किल्ली चालत्या गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई निधीनं या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. आपल्याकडे गाडीच्या किल्लीला घराच्या, दुकानाच्या, शेतातल्या मोटारीच्या पेटीच्या चाव्या आणि देवाचा जाड पत्रा लटकतो. देव डॅशबोर्डवर ठेवावा, किल्ली हलकी ठेवावी.

आडवा हात

एअरबॅगची कल्पना कुठून आली, हे वाचलं तेव्हा मला आमचा घाट दिसला. १९५२च्या वसंतात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचा अभियंता बायको आणि मुलीला घेऊन फिरायला निघाला होता. मुलगी दोघांच्या मध्ये पुढच्याच सीटवर. रस्त्यात अडथळा आला, त्यानं गाडी वळवून ब्रेक दाबला, आणि नवरा-बायको दोघांचेही हात न ठरवता मुलीच्या पुढे आडवे झाले. ती वाचली. घरी परतताना हेट्रिकच्या डोक्यात एकच विचार: हाताच्या जागी मऊ काहीतरी का येऊ नये? १८ ऑगस्ट १९५३ला त्याला पेटंट मिळालं. ती कल्पना भरवशाची व्हायला मात्र आणखी पाव शतकाहून जास्त काळ जावा लागला.

आपल्या देशात चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९पासून; शेजारच्या सीटचीही सक्ती २०२१मध्ये आली. पण या सगळ्या व्यवस्थेचं अधिकृत नावच 'पूरक' असं आहे. पट्टा मुख्य, पिशवी त्याला पूरक. पट्टा न लावलेला माणूस ब्रेकसरशी पुढे गेलेला असतो आणि फुगणारी पिशवीच त्याला इजा करू शकते. म्हणून छाती आणि स्टेअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगपुढे कधीच ठेवू नये. मागच्या सीटवरही पट्टा हवाच. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

माझ्या गाडीतली तुटकी रिबन मी जपून ठेवली आहे. उजेडात धरली की तांब्याच्या पट्ट्या चमकतात, आणि एके ठिकाणी केसभर अंतर दिसतं. तेवढ्याच अंतरानं त्या दिवशी घाटात माझ्या पुढ्यातला आडवा हात काढून घेतला होता, आणि दिवा तेच ओरडून सांगत होता.

आईला मी हे सगळं सांगितलं. तिनं ते तिच्या पद्धतीनं लक्षात ठेवलंय. आता गाडीत बसली की ती आधी पट्टा लावते, मग काट्यांकडे पाहत राहते. दिवा लागतो. ती मनात काहीतरी मोजते. तो विझला की म्हणते, "गेला. आता निघ."